पी.पी. नंबर माझा होता

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर लिंबाच्या भावावर घसरायचो. मुलं म्हणतात, आता हे उकरू नका, गावात राहायचंय आपल्याला. राहा की. मीही इथंच राहतो, आणि मरायच्या आधी मला एक गोष्ट सरळ करायची आहे. काष्टीत आजही कुणाचा हिशेब चुकला, पत्त्याचा डाव फसला, की हसून म्हणतात, "मास्तरीणबाईचा आकडा झाला बघ." ज्यांनी त्या मुलीला कधी पाहिलं नाही तेही म्हणतात. तिचा आकडा चुकला नव्हता. मला ठाऊक आहे, कारण तो फोन माझा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. काष्टीच्या बाजारात माझी लिंबाची आडत होती, आणि बरोबर समोर माझ्या चुलत भावाची. आमच्या वडलांमध्ये बांधावरून जे वाजलं ते आम्ही दोघांनी इमानानं पुढं चालवलं. त्यानं लाल ट्रॅक्टर घेतला म्हणून मी निळा घेतला. त्यानं एका बँकेत खातं काढलं की मी दुसऱ्या बँकेत. त्यामुळं त्याच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाईलची एरियल डोकावायला लागली तेव्हा दोन गोष्टी एकदम ठरल्या. मी मोबाईल घेणार, आणि त्यानं घेतला त्या कंपनीचा घेणार नाही.

नगरला स्टँडजवळच्या दुकानदारानं मला फसवलं नाही. नंतर मी त्याच्याही नावानं बोटं मोडली, म्हणून हे लिहून ठेवतो. त्यानं पहिला प्रश्नच नीट विचारला.

"वापरणार कुठं?"

"काष्टीत. आडतीवर."

"मग ही कंपनी घेऊ नका. हिचा टॉवर इथं नगरला, तिकडं पोचत नाही. ती दुसरी घ्या. तिची रेंज दौंडकडून नदी ओलांडून येते तुमच्याकडं. तुमच्या गावातले एकजण घेऊन गेलेत की."

"कोन घेऊन गेलं ते म्हाईत हाय मला. हीच द्या."

"अहो, लागणार नाही."

"आज न्हाई तर उद्या लागंल. टॉवर काय एकाच कंपनीला हुभा करता येतो?"

त्यानं पुढं वाद घातला नाही. कार्ड आत सरकवलं, बॅटरी लावली, एरियल कशी ओढायची ते दाखवलं. दुकानात पडद्यावर रेंजच्या पाचही काड्या उभ्या होत्या. मी तिथूनच एका ओळखीच्याला फोन केला आणि हवेत तरंगत एस.टी.त बसलो. नगर मागं पडलं तशी एकेक काडी गळत गेली. काष्टीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा एकही उरली नव्हती.

पुढचे काही दिवस मी त्या यंत्राचे जे हाल केले ते आठवले की आता हसू येतं. बॅटरी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली. कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं. बंद करून चालू केला. गच्चीच्या चारी कोपऱ्यांत उभा राहिलो. कुणीतरी सांगितलं म्हणून एरियलला तांब्याची तार गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक टी.व्ही.च्या अँटेनाला बांधलं. बायको जिन्यात धुण्याची बादली घेऊन बघत उभी.

"बातम्या लागत्याल त्याच्यावर," ती म्हणाली. "फोन न्हाई लागायचा. माघारी देऊन या आणि भाऊजींनी आनला तसला आना."

"त्याचं नाव काढू नको."

"मग ठिवा देव्हाऱ्यात. कुंकू लावीन रोज."

शेवटी रेंज सापडली ती गावाबाहेर कालव्याच्या भरावावर. एका बाभळीपाशी नगरकडं तोंड करून उभं राहिलं की एक काडी यायची, कधी दोन. मान वळवली की गेली. पण होती. मी घरी येऊन सांगितलं, फोन उत्तम आहे. बाजारात तर मी त्याहून पुढं गेलो. गर्दीच्या वेळी एरियल ओढून तो मेलेला फोन कानाला लावायचा, आणि "हां, बोला! काय भाव फुटला?" असं खच्चून ओरडायचं, समोरच्या आडतीवर ऐकू जाईल इतकं. पलीकडं कुणी नसायचं. मी मात्र हसायचो, हुंकार भरायचो, एकदा तर भांडलोसुद्धा.

इथवर गंमत होती, आणि या गमतीची मला लाज वाटत नाही. फोन घेतला, मिरवला, त्यात कुणाचं काही गेलं नाही. जे गेलं ते पुढं.

त्या काळी ज्याच्या घरी फोन नाही तो अर्जावर शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढं पी.पी. लिहायचा. त्या दोन अक्षरांचा फुलफॉर्म गावात कुणाला येत नव्हता, अर्थ सगळ्यांना येत होता. हा माणूस मला बोलावून आणील. कुणाला पी.पी. द्यायचा म्हणजे शब्दच द्यायचा.

साखर कारखान्यात फिटर असलेला एक माणूस आमच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा. तो मला "जय भीम, तात्या" म्हणायचा, मी त्याला "रामराम" म्हणायचो, आणि दोघांचंही त्यात भागायचं. त्याची थोरली मुलगी डी.एड. झाली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात एका निवासी शाळेत तिची मुलाखत झाली होती आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, मंजुरी आली की फोन करीन, लगेच हजर व्हावं लागेल, माझ्याकडं पोरं खोळंबलीत, मला थांबता येणार नाही. त्यांनी पी.पी. नंबर मागितला होता. त्यासाठी बापलेक बाजाराच्या दिवशी आले, आणि आधी गेले ते माझ्या चुलत भावाकडं. बरोबरच होतं. गावात तारेचे फोन मोजके, तेही निम्मा महिना बंद; त्याचा मोबाईल खणाखणा वाजताना मात्र सगळा बाजार ऐकत होता.

तो नंबर सांगायला लागला, मुलीनं पेन काढलं, आणि मी माझ्या आडतीवरून हाक मारली.

"ये पोरी, त्याचा कशाला? माझा लिही. मोठ्या कंपनीचा हाय. नगरपातुर खनखनीत!"

चुलत भाऊ हसला. "लिही बाई, लिही. मोठ्या कंपनीचा हाय म्हनं."

मुलगी आधी बापाकडं बघायला लागली. बाप अवघडला. दोन आडतदार, दोघांशीही कामाचा संबंध. मी म्हणालो, "का? माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?" मग त्याला नाही कसं म्हणता येणार? तो म्हणाला, "तात्यांचा लिही."

मी आकडे सांगितले. आमच्या गावचे घरचे फोन चारपाच आकड्यांचे, आणि हे दहा. तिनं लिहिले आणि मला वाचून दाखवले, एकेक आकडा, शाळेत पाढे म्हणतात तसे. "बरोबर आहे ना तात्या?"

"बरोबर," मी म्हणालो.

माझ्या घरी रेंज नाही, आडतीवर नाही, हे मला तेव्हा पूर्ण ठाऊक होतं. मी मनाशी ठरवलं, शाळेच्या वेळात भरावावर जाऊन थांबू. त्यात काय! आणि मी गेलोही. आडतीवर दिवाणजीला बसवून बाभळीखाली नगरकडं तोंड करून उभा राहायचो. काही दिवस गेले. मग एकदा चुलत भाऊ मोटारसायकलवरून भरावाखालून चालला होता. त्यानं गाडी थांबवली, वर बघितलं.

"का रं, फोनला हवा खायला आनलंय व्हय?"

मी म्हणालो, पाणी बघायला आलोय कालव्याचं.

"बघ, बघ. आन फोनलाबी दाखव थोडं."

त्याचं हसू गाडीच्या आवाजातही ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून मी भरावावर गेलो नाही. काम नव्हतं, आजार नव्हता, पाऊस नव्हता. फक्त तो हसला होता. एका मुलीची नोकरी त्या बाभळीखाली येऊन थांबणार होती हे माहीत असून मी आडतीवर गादीला टेकून बसून राहिलो.

बायकोनं विचारलं, "पोरीच्या फोनाचं काय?"

"येईल तवा येईल."

"हितं? कसा येईल?"

मी पाणी प्यायला उठलो.

बरेच दिवस शाळेकडून काही कळेना म्हणून फिटर रजा काढून अकोल्याला गेला. एस.टी. बदलत, शेवटी जीपला लोंबकळत. परत आला तो बाजाराच्या दिवशी थेट माझ्या आडतीवर, मुलगी बरोबर. गिऱ्हाईक होतं, हमाल होते, समोर चुलत भाऊ होता.

"तात्या, मंजुरी आल्ती. सायेबांनी लई येळा फोन लावला म्हनं. लागलाच न्हाई. कोन बाई इंग्लिशमदी कायतरी बोलायची. मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली."

ती बाई काय बोलायची ते मला पाठ होतं. मी स्वतः बूथवरून माझाच नंबर लावून तिला ऐकलं होतं.

मी म्हणालो, "माझा फोन रातध्याड चालू असतो. पोरीनं आकडा चुकवला असंल."

"नाही चुकला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी तुम्हाला वाचून दाखवला होता. आणि चुकला असता तर दुसऱ्या कुणाला लागला असता. मी आत्ता लावून बघते."

एस.टी.डी. बूथ आडतीला लागूनच. ती वळली, बूथच्या पायरीवर तिनं पाय ठेवला. फोन माझ्या खिशात होता. तिनं दहा आकडे दाबले असते तर सगळ्या बाजाराला कळलं असतं की तो खोका आहे.

तेवढ्यात समोरून माझा चुलत भाऊ बोलला. ज्यानं मला भरावावर पाहिलं होतं, ज्याला सगळं माहीत होतं, तो.

"दहा आकडे असत्यात बाई. चुकतो एखांदा. त्यात काय एवढं?"

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं बोलला होता. बांधावर आम्ही एकमेकांच्या उरावर बसायला तयार, पण पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी आडतदाराला भर बाजारात खोटं पाडते म्हटल्यावर आम्ही दोघं एका आजोबाची नातवंडं झालो. कुणाच्या शब्दावर लगेच विश्वास बसायचा हे गावात आधीच ठरलेलं असतं. लोकांनी माना डोलावल्या. एक हमाल म्हणाला, "शिकून बी आकडा लिवता येईना." सगळे हसले.

बापानं मुलीला दंडाला धरून पायरीवरून खाली घेतलं. "गप. मोठ्या मानसाला खोटं पाडतीस?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "माफ करा तात्या. पोरगी हाय."

त्यानं माझी माफी मागितली. मी ती घेतली. मान हलवून.

घरी बायको एवढंच म्हणाली, "देव्हाऱ्यात ठिवला असता तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून तिनं त्या फोनला हात लावला नाही. काही काळानं आमच्याकडं टॉवर झाला, फोन घरात बसून वाजायला लागला, आणि लोक म्हणायला लागले, तेव्हा रेंजच नव्हती हो, कुणाचा काय दोष. हे तर मी अजिबात चालू देणार नाही. रेंज होती. समोरच्या आडतीवर होती, भरावावरही होती. फोनमध्ये बिघाड नव्हता, कंपनीनं फसवलं नाही, दुकानदारानं तर तोंडावर सांगितलं. नव्हती ती माझी दानत.

ती मुलगी शिक्षिका झाली नाही. पुन्हा तशी जागा निघाली नाही, नंतर बापानं धीर सोडला. ती शिर्डीला एका लॉजमध्ये काउंटरवर नोकरीला लागली, तिकडंच लग्न झालं. मुलं मला समजावतात, तिचं चांगलं चाललंय की. चाललं असेल. तिनं ते मागितलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी मी बायकोला घेऊन शिर्डीला गेलो. दर्शन हे निमित्त. एस.टी.त बायकोनं विचारलं, "सांगनार हाय का नुसतंच हात जोडून येनार?" मी म्हणालो, सांगणार. वाटभर शब्द जुळवले.

विचारत विचारत तिच्या लॉजवर पोचलो. काउंटरवर तीच होती. केस पिकायला लागले होते. तिनं मला लगेच ओळखलं. "या तात्या. काकू, बसा. पाणी घ्या." आवाजात ना राग ना लळा, जसा कुठल्याही गिऱ्हाईकाशी असतो तसा. मागं माणसं रांगेत उभी होती. तिनं रजिस्टर ओढलं, गाव लिहिलं, ते तिला विचारावं लागलं नाही. मग म्हणाली, "मोबाईल नंबर सांगा."

मी सांगितला. तोच होता, मी कधी बदलला नाही. तिनं दहाही आकडे लिहिले आणि मग, नजर रजिस्टरवरच ठेवून, एकेक आकडा वाचून दाखवला. सावकाश.

"बरोबर आहे ना तात्या?"

बायको माझ्याकडं बघत होती. शब्द तयार होते, फार नव्हतेच: तेव्हाही बरोबरच होता, पोरी. चूक माझी होती. मला माफ कर.

"बरोबर," मी म्हणालो, आणि खोलीची किल्ली घेतली.