त्यानं बदललेलं इंजिन

लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा बायको म्हणाली, "एकदा तरी मोटरसायकलवर कन्याकुमारीला जाऊ." मी बदनापूरला शिक्षक. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी दणकट गाडी परवडणारी नव्हती. कुंभार पिंपळगावात साडेतीनशे सीसीची एक जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. जालन्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत घेऊन गेलो.

गाडी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची. मुलगा जालन्यात फिटर होता, आदल्या वर्षी काविळीनं गेला.

मेकॅनिक एक चक्कर मारून आला आणि इंजिनाजवळ उकिडवा बसला. "सर, इंजन बदललेलंय. सिलिंडर बदलून मोठा पिस्टन टाकलाय, कार्बोरेटरबी मोठा. पळती जबर. पण दोघं बसून, सामान बांधून दिवसभर चालवली तर तापंल. पिस्टन जाम होईल, तेबी ऐन रस्त्यात."

मी मागं फिरणारच होतो. तेवढ्यात म्हातारबा आतून पत्र्याची पेटी घेऊन आले. आत गाडीचा मूळ सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर. सगळं तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर मुलाच्या अक्षरात नावं.

"हे बसवलं की काम झालं," मेकॅनिक म्हणाला. मी गाडी घ्यायचं ठरवलं.

"मंग त्यानं केलेलं समदं काढणार?" म्हातारबांनी विचारलं. "चुकल्तं का त्याचं?"

मेकॅनिक म्हणाला, "न्हाई काका. काम लई सफाईदार हाय. पळवायला बिलकुल बराबर. सरांना लांब जायचंय, एवढंच."

"मंग काढलेलं मला आणून द्या."

पंधरा दिवसांनी नेऊन दिलं. त्यांनी पिस्टन धोतराच्या सोग्यानं पुसला. "हे काय करतं?"

आत वरखाली होतो, त्याच्या जोरावर चाक फिरतं, असं मी सांगितलं. त्यांनी तो तळहातावर तोलला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

"त्यो सांगायला यायचा," ते म्हणाले. "मी म्हणायचो, ठेव ते लोखंड अन् शेतात चल."

आम्ही कन्याकुमारीला जाऊन आलो. गाडीनं एकदाही त्रास दिला नाही. परतल्यावर त्यांना भेटून यावं असं फार वाटलं. पण सांगणार काय? तुमच्या पोराचं काम काढून टाकलं म्हणून नीट पोचलो, हे?

गेलो नाही.