बिनपंख्याचं कार्ड आणि विल्फ्रेडचं घर

दोह्यात खिडक्या कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. आमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये किस्से तसेच साचायचे. मुद्दाम कुणी आणत नसे, पण गुरुवारी घरी निघताना बघावं तर आठवड्याचे दोन-तीन जमलेले असायचेच! आता आम्ही सगळे पांगलो, तरी फोनवर निम्मा वेळ त्यांच्यातच जातो. आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या विल्फ्रेडचे.

विल्फ्रेड वसईचा. हुद्द्याने सीनियर ड्राफ्ट्समन, स्वभावाने जागेपणी स्वप्नं बघणारा. हाक मारली की दुसऱ्या हाकेला ‘ओ’ द्यायचा. पहिली हाक त्याला वसईहून परत आणण्यात खर्च व्हायची.

*

वर्ल्डकपच्या आधीची ती वर्षं. ऑफिसच्या खिडकीबाहेर नुसता खड्डा आणि क्रेन्स. आमच्या स्क्रीनवर मात्र स्टेडियम बांधून तयार! झाडं वाढलेली, दिवे लागलेले, खुर्च्यांत माणसं बसलेली. दुपारी जेवून आलं की क्षणभर मला कळायचं नाही, यातलं खरं कुठलं.

खुर्च्यांत माणसं भरायचं काम विल्फ्रेडकडे होतं. एकदा क्लायंटचे कतारी इंजिनियर चित्र बघता बघता थांबले. तिसऱ्या रांगेत छत्री घेतलेली एक बाई होती. स्टेडियमला छप्पर असताना ही छत्री घेऊन का बसलीय, आणि आहे कोण?

विल्फ्रेडने कबूल केलं, की ती त्याची बायको फिलोमिना, नर्स आहे. मॅच बघायला तिला सुट्टी मिळणार नाही म्हणून आत्ताच बसवून ठेवलीय.

आम्ही माना खाली घातल्या. इंजिनियरसाहेबांनी चित्र पुन्हा एकदा नीट पाहिलं.

“राहू दे तिला,” ते म्हणाले. “इन्शाल्ला, तोवर मिळेल सुट्टी.”

*

फिलोमिनाला कायम रात्रपाळी. सकाळी आठला येऊन झोपायची. जागा म्हणजे फरीज बिन ओमरान वस्तीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. विल्फ्रेडची सुट्टी शुक्रवारची, आणि तिची झोपही त्याच खोलीत. खाटेच्या पायथ्याशी टेबल. त्यावर विल्फ्रेड तिच्याकडे पाठ करून दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायचा.

काम कसलं? वसईला बांधायच्या घराचं! थ्रीडी मॉडेल. माउस हलवला की आपण त्या घरात चालतोय असं वाटायचं. दोघांचे निम्मे पगार त्या घरासाठी बाजूला पडत होते, पण त्याने तिला ते एकदाही दाखवलं नव्हतं. पुरं झाल्यावरच दाखवणार. त्याची खरी भीती वेगळी होती. मला एकदा डबा खाताना म्हणाला, “तिला आवडलं नाही, आणि इथेच राहू म्हणाली, तर मी कुठे जाऊ?”

मी माझी भाजी त्याच्या डब्यात वाढली.

तर तिची झोप मोडू नये म्हणून त्याने बिनपंख्याचं ग्राफिक्स कार्ड आणलं. स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड तापतं, म्हणून त्यावर छोटा पंखा असतो. याच्यावर पंख्याऐवजी नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आवाज शून्य! शेजारची मल्याळी मुलंसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना कुजबुजत बोलायची, अशी त्या घराची शिस्त.

*

पण कार्ड तापायला लागलं. फाटक उघडायचं, विहीर यायची, मग माड. विल्फ्रेडने माडाची एकेक झावळी काढलेली. तिथे पोचलं की स्क्रीनवर गुलाबी ठिपके, आणि मग काळोख. ओटीवर काही त्याला चढता येईना.

ठिपक्यांचा फोटो त्याने सेक्शनमध्ये दाखवला. आमचा कुलकर्णी पुण्याचा, त्याला सगळ्यातलं कळतं. म्हणाला, “माडांवर रोग पडलाय. तोडून टाक, कार्डावरचा भार हलका होईल.”

विल्फ्रेड एरवी कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलला. “माड तोडूनच राहायचं तर इथे काय वाईट आहे?”

कुलकर्णीने दोन दिवस कुणालाही सल्ला दिला नाही. सेक्शनमध्ये याची नोंद आहे.

*

त्या शुक्रवारी कुलकर्णी आणि मी दुरुस्तीला गेलो. कॉम्प्युटर स्क्रीनसकट स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला, पलीकडे फिलोमिना झोपलेली. कॉम्प्युटरचा डबा उघडून मॉडेल चालू केलं. माडांपाशी आल्यावर कार्ड किती तापतंय हे बघायला कुलकर्णीने पट्ट्यांना बोट लावलं.

बोट चांगलंच भाजलं, आणि ओरडायची सोय नाही! तो ओठ मिटून स्वयंपाकघरभर नाचला. विल्फ्रेडने त्याचा हात नळाखाली धरला, तोही धार बारीक ठेवून.

कारण मात्र सापडलं. विल्फ्रेडने डब्याचा मागचा पंखासुद्धा आवाज नको म्हणून काढून ठेवला होता. कुलकर्णीने कानात लेक्चर दिलं, की बिनपंख्याच्या कार्डाला हवा लागत नाही असं नाही, त्याला दुसऱ्याची हवा लागते. पट्ट्यांतली धूळ झटकली, तो पंखा पुन्हा जोडला. विल्फ्रेड माड ओलांडून ओटीच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला.

मग पंखा घरघरला आणि आत खाट कुरकुरली. विल्फ्रेडने वायर उपटली. खलास.

*

आता नवं कार्ड. बजेट बेताचं, कारण घराला विटा लागणार होत्या. कुलकर्णीने एक्सेलचा तक्ता केला. जुनी पॉवर सप्लाय लहान, म्हणून वेगळी वायर न लागणारं, कमी वीज खाणारं कार्ड हवं. तेवढ्या अटींत तीनच उरली.

दुकानात विल्फ्रेडने तक्ता घडी करून खिशात टाकला. तिन्ही कार्डं एकेक करून चालू करायला लावली, आणि डोळे मिटून प्रत्येकाला कान लावून उभा राहिला. आजूबाजूची गिऱ्हाइकं आपोआप गप्प झाली. भर गर्दीच्या वेळी त्या दुकानात अशी शांतता पसरली, की मलाही जरा झोप आली.

त्याने सगळ्यात साधं निवडलं. एकच पंखा, मोठा आणि सावकाश फिरणारा. दुकानदाराने बिल करताना हिंदीत विचारलं, “कौनसा गेम खेलते हो, भाई?”

“घर,” विल्फ्रेड म्हणाला.

*

नवं कार्ड बसलं. पुढच्याच आठवड्यात वसईचा कॉन्ट्रॅक्टर पाया घेणार होता, म्हणजे दाखवायचं तर आत्ताच. फिलोमिनाच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, विल्फ्रेडने आम्हाला चहाला बोलावलं. एकट्याने दाखवायची त्याची हिंमत नव्हती. शर्ट इस्त्रीचा घातलेला, आणि फाटक त्याने दोनदा उघडून पुन्हा लावलं.

मग आम्ही आत गेलो. विहीर आली. माड आले, झावळ्या हलल्या, ठिपका नाही. ओटी चढलो. बैठकीची खोली, खिडकीतून जमिनीवर पडलेलं ऊन, देवाच्या तसबिरीची जागा, स्वयंपाकघर, मागचं अंगण. पंख्याचा आवाज असेल तर तो मी ऐकला नाही. मला आपलं उगाच भरून आलं, घर माझं नसताना.

मागच्या दाराशी येऊन विल्फ्रेड थांबला. माड लावल्यापासून तोही इतक्या आत कधी पोचला नव्हता. स्क्रीनवरून नजर न हटवता त्याने विचारलं, “कसं वाटतं?”

फिलोमिना चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली.

“सगळं छान आहे,” ती म्हणाली. “पण ती वरची खोली कशाला काढलीस? रमजानपर्यंत तर होती. तिथून समुद्र दिसायचा.”