जीपचे खांदे

अकोल्याची नोकरी आणि अमरावतीचं घर, या दोन्हींना माझी जुनी जीप जोडते. सुट्टीचा दिवसही मी तिच्याखालीच घालवतो, म्हणून बायको तिला सवत म्हणते.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी चार वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही चांदूर रेल्वेजवळ तिच्या आजोबांच्या शेतावर गेलो. तिथं तिनं खांदशेकणी पाहिली. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-तुपानं चोळतात.

घरी परतल्यावर मी हातपाय धुऊन बाहेर येतो तर काय, बाईसाहेबांनी जीपच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तूप फासलेलं! रंग देऊन आठ दिवसही झाले नव्हते. मी असा ओरडलो की शेजारी गॅलरीत आले.

“कावून ओरडून राहिले लेकरावर?” बायको माझ्यावर डाफरली. मग लेकीला जवळ घेऊन म्हणाली, “बैल वावरात राबतात बाई, म्हणून त्यायचे खांदे चोळतात. हे जीप काय काम करते?”

लेक हुंदके देत म्हणाली, “रोज बाबाले घरी आनते.”

वाटीत थोडं तूप उरलं होतं. मागचे दोन खांदे मी चोळले.