मनगटावरची दोन बोटं

वाघमोडे मॅडम गेल्याची बातमी मला कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कळली. सकाळी मैदानावर मुलींचा सराव घेता घेता त्या खाली बसल्या आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं... मेंदूत रक्तस्राव, असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मी फोन उलटा करून ठेवला. पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, हे लिहायला जड जातंय. मनात आलं ते असं : मॅडम, तुम्ही माझ्यासाठी एका घरी जाऊन दोन वाक्यं बोलणार होतात. आता ती कोण बोलणार?

रडू आलं ते नंतर, दोन दिवसांनी, भाजी निवडताना. तेव्हाही नक्की कशासाठी रडतेय हे कळेना.

मॅडम आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. माहेर माळशिरसकडचं. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण शिट्टी गळ्यात आली की गावची भाषा बाहेर यायची. दरवर्षी जुलैत त्या सगळ्या मुलामुलींची तपासणी करत. उंची, वजन, पाय लांब करून पुढं किती वाकता येतं ते, आणि दंडामागची कातडी चिमटीत धरून चरबीचा थर किती ते. त्यासाठी तबकडी असलेलं एक यंत्र होतं. त्याला नाव इंग्रजी होतं, पण मॅडम म्हणायच्या ‘चिमटा’. मुलींची मापं त्या जिमखान्याच्या आतल्या खोलीत, दार लावून घ्यायच्या. आणि एक नियम होता : आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. लिहिणाऱ्या मुलीकडं तबकडी वळवायची, तिनं बघायचं, लिहायचं. बाहेर मुलं ‘कुणाचं किती निघालं?’ म्हणून घिरट्या घालायची. मॅडम दार किलकिलं करून म्हणायच्या, “तुझं सांगू का सगळ्यास्नी?” मग कुणी थांबायचं नाही.

मी इंग्रजी शाळेतून आलेली, घरात तेलुगू, मराठी त्या मानानं तिसरी. वर्गात मी तोंड उघडत नसे. मॅडम मला ‘ए इंग्लिश’ म्हणायच्या. पहिल्या वर्षी मी अगदी काडीसारखी होते आणि या तपासणीत तरी आपण उत्तम निघणार अशी माझी खात्री होती. मॅडमनी चिमटा लावला, तबकडी पाहिली, पुन्हा लावला. मग कानाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “दिसतीस बारीक, पण आत नुसतं लोणी. स्नायू कुटं गेले गं?” मला इतकं हसू आलं की तोंडावर हात धरावा लागला. वजनकाटा मला चांगली म्हणत होता, आरसाही म्हणत होता. खरं काय ते या बाईनं सांगितलं, तेही कुणाला ऐकू न जाऊ देता. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. सकाळी पळायला लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला आतल्या खोलीत लिहायला बसवलं.

त्यांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे बाकाची चाचणी. लाकडी बाकावर ठेक्यात चढायचं, उतरायचं, मग खाली बसायचं आणि मॅडम मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघायच्या. नाडी जितकी लवकर शांत होईल तितका दम चांगला. “दमलीस?” विचारलं की मुली नाही म्हणायच्या. मॅडम हसायच्या. “तोंड खोटं बोलतंय. नाडी खोटं बोलत न्हाय.” पण नाडी जास्त निघाली तर त्या लगेच शेरा लिहू देत नसत. सकाळी काही खाल्लंस का, झोप झाली का, घरी भांडण झालंय का, सगळं विचारायच्या. मला सांगायच्या, नाडी फक्त पळते, कशासाठी पळते ते माणसाला विचारावं लागतं. हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि घरी एक स्थळ आलं. आमच्यातलंच. मुलाची आत्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात होती. मुलगा बघायला आला तेव्हा मोठी माणसं टॉवेलच्या भावाबद्दल आणि एमआयडीसीतल्या विजेबद्दल बोलत होती. आम्हा दोघांना गॅलरीत पाठवलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, “तुम्हाला बोलायला फारसं आवडत नाही ना? मलाही नाही.” आणि खरंच, पुढं काही बोलला नाही. आम्ही दोघं रस्त्याकडं बघत उभे राहिलो. इतकं निवांत मला कुणाबरोबर कधी वाटलं नव्हतं... नाना, म्हणजे माझे वडील, रात्री म्हणाले, “तू सांगशील तसं. घाई नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना मदत करायला गेले होते. पळून आले आणि सवयीनं हात पुढं केला. त्यांनी बोटं ठेवली, नाडी शांत होऊ दिली आणि मग अचानक विचारलं, “काय गं, पोरगा बघून गेला म्हणं? आवडला का?”

मनगटातली धडधड मलाच कानात ऐकू येत होती. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, “उद्या सांगते, मॅडम.”

रात्रभर मी ते वाक्य मनात जुळवलं. पण दुसऱ्या दिवशी मॅडम स्पर्धांसाठी बाहेरगावी गेल्या होत्या. आणि आठवड्याभरात त्या लोकांकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. नाना म्हणाले, असू दे. मी काय म्हणणार होते?

कारण कळायला पुढचा उन्हाळा उजाडला. एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी माझा दंड धरून, आवाज खाली करून विचारलं, “आता दम लागत नाही ना गं? हृदयाचं कसं आहे?” आई बघतच राहिली. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या आत्यांनी ऑफिसातच मॅडमना विचारलं होतं की तुम्ही सगळ्यांना मोजता, ही पोरगी तब्येतीनं कशी आहे? मॅडम म्हणाल्या होत्या, पोरगी गुणाची आहे, पण हृदयाचं तेवढं बघून घ्या. ज्या बाई कधी कुणाचा आकडा सांगत नाहीत त्यांनी एवढं सांगितलं म्हणजे खरंच असणार... कुणालाही असंच वाटलं असतं. आईनं मला डॉक्टरांकडं नेलं. सगळं ठणठणीत निघालं. पण तो रिपोर्ट घरोघर दाखवत कोण फिरणार?

मी जिमखान्यात गेले. मॅडम चटया पुसत होत्या.

“मॅडम, माझ्या हृदयाबद्दल तुम्ही काय सांगितलंत?”

त्यांचा हात थांबला. “बस की.”

“मी उभीच बरी आहे.”

“तुला नको हुता तो पोरगा,” त्या म्हणाल्या. “तू काय तोंडानं बोलायची न्हाईस. म्या नाडी बघितली हुती की तुझी. नाव काढलं की सुटलीच. भ्यालेली पोर मला कळती.”

“मी भ्याले नव्हते, मॅडम.”

मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलेलं मला दिसलं. फडकं तसंच हातात. “अगं मग सांगायचं की गं, येडे!”

“उद्या सांगते म्हटलं होतं.”

फडकं खाली ठेवून त्या म्हणाल्या की मी स्वतः जाते, त्यांच्या घरी, सगळ्यांसमोर सांगते की माझं चुकलं. मी विश्वास ठेवला. नंतर प्रवेश सुरू झाले, मग स्पर्धा आल्या. फोन केला की म्हणायच्या, “या रविवारी नक्की.” अशाच एका रविवारी आईनं सांगितलं की त्याचं लग्न झालं. त्यानंतर मी फोन केला नाही. तरी मला वाटायचं, एक दिवस त्या जातील. त्याच्यासाठी नको, निदान माझ्यासाठी. अजूनही एखादं स्थळ येतं आणि चौकशी झाली की थांबतं. लोकांनी ऐकलं असतं ते फक्त त्यांच्याच तोंडून.

मॅडमचे दहावे-तेरावे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. काका, म्हणजे मॅडमचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. खोलीत शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. भिंतीजवळ ट्रॅकसूटमधला मॅडमचा फोटो, हार घातलेला. मी नाव सांगताच काकांचा चेहरा उजळला.

“हीच ती!” ते बायकांना म्हणाले. “हिला घरचे जबरदस्तीनं देत होते. आमच्या हिनं ते स्थळ एका वाक्यात मोडलं. आत्ता दिवाळीत लेक-जावई आले होते, त्यांना सांगत होती. एक पोरगी तरी वाचवली मी, म्हणायची. काय खूश होती!”

दिवाळीत. म्हणजे मी जिमखान्यात उभी राहून सांगितलं त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. माझे नाना, ज्यांनी मला घाई नाही म्हटलं होतं, ते या घरात जबरदस्ती करणारे बाप होते. आणि मी वाचवलेली.

बायका कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. नेहमीसारखं हसून खाली बघता आलं असतं.

“काका,” मी म्हटलं, “मला तो मुलगा आवडला होता.”

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

“मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आणि मला कसलाही आजार नाही.”

काकांनी फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “हे... तिला माहीत होतं?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्या माणसाकडं आता तेवढंच उरलं होतं. पण त्या घरात माझ्याबद्दल एक खोटं आधीच पुष्कळ दिवस राहिलं होतं.

“हो, काका. उन्हाळ्यातच सांगितलं होतं.”

दारात आणखी कुणीतरी आलं होतं, चपला काढत होतं. त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून मी उठले. काका त्यांना “या, या” म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. या वेळी त्यांनी माझी ओळख करून दिली नाही.