‘असशील तर’ म्हणायचं राहून गेलं

कवळ्या करणाऱ्या काकांना सारी गल्ली ‘शंकासुर’ म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी काका रागवत नसत, उलट खूश होत. “शंका काढणं हा काही गुन्हा नाही,” म्हणायचे, “न काढणं हा आळस आहे.” आणि समोरचा हसून मोकळा व्हायच्या आत पहिली शंका त्याच्या गळ्यात पडलेली असायची.

शंकाही कशा, तर धंद्यातूनच निघालेल्या. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे आ वासून रांगेत बसलेले, एका कडेला मेण वितळवायचा छोटा दिवा, दुसऱ्या कडेला पॉलिशची मोटर, आणि भिंतीला लागून दातांचे खण. एका खणात पांढरे, एकात पिवळसर, एकात चहा पिऊन पिऊन झालेल्या रंगाचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, तोंडात मापाचा लगदा भरला, की काका सुरू. आता तोंडात लगदा असलेला माणूस काय डोंबल वाद घालणार?

“मला एवढंच सांगा,” काका म्हणायचे, “देवाने माणसाला दात दिले. पाडले. पुन्हा दिले. तेही पाडले. मग तिसऱ्यांदाच हात आखडता का घेतला? आणि ती अक्कलदाढ! जागा नाही, काम नाही, उगाच येऊन गाल सुजवणार. असली दाढ मी बसवून दिली असती तर तुम्ही माझ्या अंगावर फेकली असती की नाही?”

उत्तर यायचं ते आतल्या खोलीतून, काकूंचं.

“तिसऱ्यांदा दिले असते तर तुम्ही काय केलं असतं? माशा मारल्या असत्या!”

“म्हणजे माझं पोट भरावं म्हणून अख्ख्या जगाचे दात पाडले म्हणतेस?”

“तुमच्या एकट्याचं कशाला? माझंही पोट आहेच की त्यात!”

गिऱ्हाईक लगद्यासकट हसायचं आणि माप बिघडायचं. मग नवराबायको दोघं मिळून गिऱ्हाइकावर ओरडायची.

काकू होत्या पक्क्या देवभक्त. सकाळी उठल्या की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून हात जोडायच्या आणि मोठ्याने बोलायच्या, अगदी पलीकडच्या घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तशा. कुणाच्या गुडघ्याला आराम पडू दे, लेकीला चांगली झोप लागू दे, आणि शेवटी न चुकता, “आणि आमच्या ह्यांना थोडी बुद्धी दे.” काका कारखान्यातून ओरडायचे, “तुला बुद्धी दिली तर त्याचंच गिऱ्हाईक तुटेल!” मग तोंड पुसत पुसत काकू पुढच्या खोलीत यायच्या, कारण दाताचा रंग ठरवायचा तो त्यांनीच. माणसाला खिडकीपाशी नेऊन उजेडात त्याचा चेहरा बघायच्या आणि बरोबर दात काढायच्या. त्या बाबतीत काका एक अक्षर बोलत नसत.

बाकी सगळ्या बाबतींत मात्र दोघांचं जमायचं ते भांडणात. “एवढं सगळं आपोआप झालं का? कुणीतरी केलंच ना?” हे काकूंचं. “मग त्याला कुणी केलं?” हे काकांचं. “त्याला कशाला कुणी करायला हवं?” “मग जगालाच कशाला हवं?” “माणसाचा जन्म काही उगाच नसतो!” “बरं, मग झुरळाचा?” ह्यावर काकू लाटणं घेऊन दारात यायच्या. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकांना म्हणायचा, थांबा, घाई करू नका, रेडिओ लागलाय.

ह्या रेडिओला कधी खरखर नव्हती. लेक ह्याच आवाजात लहानाची मोठी झाली आणि लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. तिचा फोन आला की दोघं एकाच वेळी बोलायची, आणि ती म्हणायची, “आधी तुमचं मिटवा, मग मला फोन करा.”

आणि मग काकांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले, आणि खड्यांच्या शेजारी एक गाठही दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पित्ताशय काढावं लागेल, आणि गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल. काका हसून म्हणाले, “काढा की!” पण त्यांची पाचावर धारण बसली होती. गाठ ह्या शब्दानंतरचं त्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना चाकांच्या खाटेवर आडवं करून नेलं. वर छतावरचे दिवे एकामागून एक सरकत होते. काकू दारापर्यंत आल्या, त्यांचा हात सोडवून घ्यावा लागला, आणि दार लागलं. थंडगार खोली. कुणीतरी नाकावर मास्क धरला. आणि तेव्हा, आयुष्यभर शंका काढलेला हा माणूस मनातल्या मनात म्हणाला, “देवा, सांभाळ रे.” पुढे आणखी एक वाक्य म्हणाला आणि त्याची शुद्ध हरपली.

गाठ साधी निघाली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी काकूंना आणि लेकीला बोलावून सांगितलं, लेकीने येऊन बापाला सांगितलं, तिच्या डोळ्यांतून पाणी, काकांच्याही डोळ्यांतून पाणी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका घरी आले. लेक थोडे दिवस राहून परत गेली.

आणि घर मुकं झालं.

काकांचं कारण काकांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. एवढी वर्षं छाती ठोकून बोललो आणि जरा पोटावर सुरी येतेय म्हटल्यावर शेपूट घातलं! त्यातही त्यांना टोचत होतं ते हे की त्यांनी साधं ‘असशील तर’ सुद्धा म्हटलं नव्हतं. ‘असशील तर सांभाळ’ म्हटलं असतं तर निदान अब्रू राहिली असती. सरळ ‘देवा’ म्हणून हाक मारली, तीही ‘रे’ लावून, जन्माची ओळख असल्यासारखी! आता कुठल्या तोंडाने अक्कलदाढेचं विचारायचं? पित्ताशय काढून टाकलं तरी माणूस मजेत जगतो हे डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं होतं. मग ते दिलंच कशाला, हा केवढा मोठा मुद्दा! एरवी काकांनी तो महिनाभर पुरवला असता. तो त्यांनी मुकाट गिळला.

पण काकूंचं काय? काकू का गप्प? आधी काकांना वाटलं, भुलीत आपण काहीतरी बरळलो आणि हिला कळलं. मग ही हसत का नाही? हसली असती, गल्लीभर सांगितलं असतं, तर काकांनी ते सोसलं असतं. ती मऊ आवाजात विचारायची, “उशी नीट आहे ना?” आणि खिडकीशी उभी राहायची, पण हात न जोडता. नुसती बाहेर बघत. सकाळचं ते मोठ्याने बोलणं बंद. कुणाचा गुडघा नाही, लेकीची झोप नाही, आणि ‘ह्यांना बुद्धी दे’ तर नाहीच.

एक दिवस न्हावी दारात येऊन म्हणाला, “काका, रेडिओ बिघडला का हो? गिऱ्हाइकं विचारतात.” काका हसले, पण हसता हसता मध्येच थांबले. कारण त्याच क्षणी त्यांना सगळं लख्ख दिसलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. गाठ साधी नव्हती! मायलेकींनी संगनमत करून आपल्याला फसवलं. म्हणून ही भांडत नाही. मरणाऱ्या माणसाशी कोण भांडतं? आणि देवाकडे मागत नाही, कारण मागण्यासारखं काही उरलंच नाही.

तीन रात्री त्यांना झोप नव्हती. चौथ्या दिवशी “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून निघाले आणि तडक इस्पितळात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले.

“खरं सांगा. किती दिवस राहिले माझे?”

“कसले दिवस?” त्या चक्रावल्या.

“मला सगळं कळलंय. बायको भांडत नाही माझ्याशी.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि त्या खळखळून हसल्या. “काका, गाठ साधी होती. मी स्वतः बघितलंय, काही म्हणजे काही नाही. बायको भांडत नाही ह्यावर माझ्याकडे औषध नाही. घरी जा आणि तिलाच विचारा.”

काका बाहेर पायरीवर बसून राहिले. आपण मरत नाही, हे त्यांना दुसऱ्यांदा कळलं आणि ह्या वेळी ते खरं वाटलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं. पण मग ती गप्प का?

घरी आले तर काकू टेबलाशी बसून दातांचे खण आवरत होत्या.

“मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो,” काका म्हणाले. “विचारायला, की मी मरणार आहे का.”

काकूंच्या हातातला खण खाली पडला. “अहो, काय झालं? दुखतंय का?”

“काही झालं नाही. तू सकाळचं बोलत नाहीस, म्हणून मला वाटलं की संपलं सगळं. का बोलत नाहीस?”

काकू वाकून दात वेचायला लागल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, “मला येत नाही आता.”

“काय येत नाही?”

“तुम्हाला आत नेलं ना, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी हात जोडले. आणि काही म्हणजे काही आठवेना. आठवले ते तुमचे प्रश्न. एकेक करून सगळे आले. ऐकणारा असता तर ह्यांना दुखवलंच कशाला असतं? कुणीच नसेल तर मी रोज बडबडते कुणाशी?” त्यांनी वेचलेले दात खणात टाकले. “ज्या दिवशी मागायचं, त्याच दिवशी मी मागितलं नाही. हात जोडून नुसती बसले होते. आता कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे उभी राहू? आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी जिंकलो.”

काका जिंकले होते, हे खरंच. सगळा संसार ज्या वादात गेला तो वाद त्यांनी जिंकला होता, आणि त्यांना मुळीच आनंद झाला नाही. त्यांना भीती वाटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ! रोज गंमत म्हणून फेकलेले प्रश्न हिच्या आत जाऊन बसले होते, आणि नको त्या दिवशी उठले. आता कबूल केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“मी मागितलं,” ते म्हणाले.

“काय?”

“आत. भूल द्यायच्या आधी. देवा सांभाळ, म्हटलं.”

काकू ताठ झाल्या. “तुम्ही?”

“मीच. आणखी कोण होतं खाटेवर?”

“असशील तर, म्हणाला असाल.”

“नाही म्हटलं. राहून गेलं.”

काकूंच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. काकांना वाटलं, रडतायत, पण त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “शंकासुर!” त्या म्हणाल्या. “अहो शंकासुर! आणि मी तिकडे तुमच्या शंका घेऊन बसलेय बाकावर!”

“हसवू नकोस. टाके अजून ओढतात माझे.” पण काकाही हसायला लागले होते, पोट धरून, आई गं आई गं करत.

हसू ओसरल्यावर काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, “एवढंच म्हटलंत? सांभाळ, एवढंच?”

“आणखी एक म्हटलं होतं.”

“काय?”

“जाऊ दे ना.”

“सांगा म्हणते ना!”

काका प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत म्हणाले, “म्हटलं, हिला एकटं पाडू नकोस.”

काकू जवळ आल्या, त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली, जी नीटच होती. आणि मग अचानक दोन पावलं मागे सरकून कमरेवर हात ठेवले.

“मग ऐकलं की त्याने! तुम्ही मागितलंत आणि त्याने दिलं. आता बोला!”

“वा गं वा!” काका उसळले. “आणि तू? तू रोजची गिऱ्हाईक, तू तर मागितलंच नाहीस! तरी मिळालंच ना? सुंठीवाचून खोकला गेला! मग मागण्याचा संबंध काय?”

“माझ्या वाटचं तुम्ही मागितलंत!”

“म्हणजे त्याच्याकडे बदली माणूस चालतो?”

“न चालायला काय झालं? नवराबायकोत काय तुझं आणि माझं!”

“आणि ज्यांनी मागितलं आणि मिळालं नाही, त्यांचं काय? त्या इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर—”

“त्याचं मला ठाऊक नाही!” काकू ओरडल्या. “सगळंच मला ठाऊक असायला मी काय देव आहे? पण तुम्ही हाक मारलीत, आणि तुम्ही परत आलात, आणि हे मी मरेपर्यंत तुम्हाला ऐकवणार आहे!”

शेजारी न्हाव्याची कात्री थांबली. रस्त्यावरचं कुणीतरी खिडकीपाशी रेंगाळलं. काकांकडे ह्यावर फार चांगलं उत्तर होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण काकूंचा आवाज टिपेला गेला होता, चेहरा लालबुंद झाला होता, टेबलावरचा दातांचा खण उचलून तलवारीसारखा धरलेला होता, आणि त्यांच्याकडे बघता बघता काकांना इतकं बरं वाटलं की मुद्दा पार विसरला गेला. ते नुसते बघत उभे राहिले.

“आता गप्प का?” काकू म्हणाल्या. “गप्प नका बसू हो. बोला ना!”