पायमशीनचा पायगुण
"राहू द्या काकू, कापू नका," गिऱ्हाईक बाई म्हणाली आणि माझ्या हाताखालचं कापड ओढून घेतलं. तिच्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजचं होतं. माप घेऊन खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या.

"कावून? मापात काई चुकलं का?"

"माप न्हाई ओ." ती घडी घालायला लागली. "लग्नाचं हाय. घरचे पायगुण बघतेत. तुमची पायमशीन हाय ना."

माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. मशीन तो असल्यापासून मारत होते, याच पायानं. तेव्हा दिंद्रुडातल्या निम्म्या नवऱ्या मुली माझ्याकडं यायच्या.

"हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

"तुमच्या जाऊबाईच म्हणल्या. आक्काला तोंडावर कुणी सांगावं, म्हणल्या."

धाकटी जाऊ भिंतीपल्याड राहते. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या मशीनवर बसली की तिचं चाक उलटंच फिरायचं आणि दोरा तुटायचा. मी तिच्याजवळ बसून तिच्या पायावर माझा पाय ठेवला आणि पायडलची चाल शिकवली. पुढं तिनं आपली मशीन घेतली. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, गिऱ्हाईक दोघींना पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेले. तेच कापड तिच्यापुढं होतं. माझ्या खडूच्या रेघांवरून ती कात्री चालवत होती.

"तू म्हणलीस?"

"मी कावून म्हणीन आक्का? लोक म्हणतेत. मी निस्तं सांगितलं."

"लोकांचं सांगायला तूच घावलीस का त्यान्ला?"

ती वर बघेना. कापड कापून संपलं तशी मशीनवर बसली आणि पाय मारायला लागली. त्या आवाजात काय बोलणार? मी घरी आले.

लग्नसराईचं काम हातचं गेलं की शिवणाऱ्या बाईचं वर्ष गेलं. माझ्याकडं पायजमे आणि उशांचे अभ्रे तेवढे राहिले. चुलीला ते पुरत नव्हतं.

मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री चाकाची चामडी वादी बदलायला आला. त्याला सगळं कळलं होतं.

"काकू, मोटर बसवा. मंग पायाचा सवालच न्हाई."

"मोटरचं बटनबी पायानंच दाबतेत की रे."

"ते तुमाला आन मला माहीत. लोकांना काय, करंट दिसला की झालं."

हसू आलं. पण मोटर बसवली नाही, वादीच बदलून घेतली.

लग्नं दाट आली तेव्हा जाऊ मागच्या दारानं आली. पदराखाली गठुडं होतं. बाह्या बसवायला तिला आजही नीट जमत नाही, खांद्यावर फुगा येतो.

"आक्का, एवढ्या बाह्या लावून द्या. कुनाला बोलू नका मातर."

"आन पायगुण?"

"आता तुमी बी लागल्या का," ती म्हणाली, जशी काही चेष्टा मीच सुरू केली होती.

मी गठुडं ठेवून घेतलं. घरात पीठ संपत आलं होतं. त्या हंगामातल्या नवऱ्या मुली मी बसवलेल्या बाह्या घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या, आणि नाव जावेच्या हाताचं झालं. मला मांडवात कुणी पुढं बोलावलं नाही.

पुढच्या हंगामातही असंच चाललं. अजूनही चालतं. समोरच्या दारानं तिनं माझं काम काढून घेतलं आणि मागच्या दारानं माझ्याकडूनच करून घेतलं. आणि म्हणायला मोठी जाऊ ती मीच.