बाभळीखालच्या चपला

दौलतराव गेल्याचा निरोप रामाकोन्याहून संध्याकाळच्या छोट्या गाडीनं सौंसरला आला, तेव्हा मी कचेरीतून घरी निघालो होतो. रामाकोन्याच्या शाळेत मास्तर असलेले हे माझे मित्र. सकाळी नदीवरून आले, छातीत कळ येते म्हणून आडवे झाले, आणि दुपारी सगळं संपलं... शाळेनं शोकसभा घेतली. त्यांच्यासोबत पाखरं पाहणारा मित्र म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी कन्हान नदीवरच्या पाखरांबद्दल इतकं गोड बोललो की दोघातिघांनी डोळे पुसले. घरी आलो आणि मला माझीच शिसारी आली. तीन आठवडे झाले, ती जात नाही, म्हणून जे सभेत बोललो नाही ते आता लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरच्या हिवाळ्यात दौलतरावांनी मला पहिल्यांदा नदीवर नेलं. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे मुक्कामाला जायचो आणि रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघायचो. वाळू सुरू होते तिथं एक बाभूळ आहे. तिच्याखाली ते चपला काढत आणि मलाही काढायला लावत. "वाळू बोलते, वसंता," ते म्हणत. "चपला घालून गेला का आपल्याआधी हीच पाखराईले जाऊन सांगते." मला खोकल्याची सवय, म्हणून तोंडात खडीसाखरेचा खडा कोंबत. मग पायात काटे, पोटरीला थंडी, आणि पुढे ते चकवे. हिवाळ्यात येणारी ती केशरी बदकं जोडीजोडीनं वाळूवर बसलेली असत. अनवाणी माणसाला ती फारशी भीत नसत. वीस-पंचवीस हातांवर आम्ही बसून राहायचो. दौलतराव काही लिहीत नसत, कुणाला सांगत नसत. उठताना फक्त "आज बारा" किंवा "आज सोळा" एवढंच म्हणत. ही जागा त्यांनी माझ्याशिवाय कुणालाही दाखवली नव्हती.

पुढे राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. कचेरीत कोण कुठे जाणार याच्या याद्या निघू लागल्या आणि चांगली चांगली माणसं साहेबांच्या पुढेपुढे करू लागली. मला त्यांची किळस यायची. मग कळलं की लांबच्या जिल्ह्याच्या यादीत माझंही नाव आहे. घरी आई अंथरुणाला खिळलेली. नवे साहेब शिकारीचे शौकीन होते. एकदा चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "इधर बतख मिलती है क्या?" कुणी तोंड उघडण्याआधी मी बोललो, "मिलती है साहब, जगह मुझे मालूम है." त्या घाईची आठवण झाली की आजही तोंडाला कडवट चव येते.

त्या शनिवारी मी दौलतरावांकडे मुक्कामाला गेलो नाही. रविवारी साहेब, त्यांचे दोन पाहुणे आणि मी जीपनं परभारे नदीवर गेलो. नुसती जागा दाखवून गप्प राहिलो असतो, तर बुटांचा आवाज ऐकून चकवे उडूनही गेले असते. पण मी बाभळीखाली थांबलो आणि म्हणालो, "साहब, जूते यहीं उतार दीजिए." त्यांनी उतरवले. वाळू बोलली नाही. पाखरं बसून राहिली, कारण पाय अनवाणी होते... सात पडली. एक मी पायांना धरून उचललं तर अजून गरम होतं, आणि त्याच्या पिसांतल्या बारीक उवा माझ्या मनगटावर चढू लागल्या. वाचलेल्यांतला एक चकवा वर घिरट्या घालत ओरडत होता. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला की याचं मांस फार वास मारतं, कोण खाणार. मग सातही तिथंच टाकली. हसत हसत परत आलो, तर बाभळीखाली दौलतराव उभे. बुटांचे तीन जोड ओळीनं, आणि शेवटी माझ्या चपला. ते त्याच ओळीकडे पाहत होते.

"बूटं काढाले तू सांगितलं का?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

यादीतून माझं नाव निघालं. मी सौंसरलाच राहिलो. दौलतरावांनी मैत्री तोडली नाही. चहा तोच, गप्पा त्याच, पण फिरायला ते मला स्टेशनच्या रस्त्यानं नेत, चपला घालून. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "पाखरं येऊन नाही राहिले आता." मी ते खरं मानलं. मानायला सोयीचं होतं.

शोकसभेनंतर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, त्या दिवशी हे नदीवरून अनवाणीच आले. चपला तिकडंच राहिल्या. ते झाड तुमालेच मालूम आहे, आणून द्या." मला वाटलं, त्यांना सगळं ठाऊक असावं.

परवाच्या रविवारी गेलो. एवढे दिवस पाय उचलला नव्हता. बाभळीखाली चपला होत्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या, टाचा बुंध्याला टेकवून नीट ठेवलेल्या. पलीकडे वाळूवर चकवे बसले होते. मोजले. चौदा. म्हणजे पाखरं येतच होती आणि दौलतराव जातच होते, फक्त मला नेत नव्हते. पायातल्या चपला काढाव्यात म्हणून मी वाकलो. हात पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांच्या चपला उचलून मी वळलो. माझ्या पायाखाली वाळू वाजली आणि चौदाच्या चौदा एकदम उडाले.